गज आणि यंत्रताल

वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यांत हिंगणी नांवाचें गांव आहे. बोर धरण आणि त्याच्या भोंवतालचें जंगल तेथून जवळच असून, या जंगलाला २०१४ सालीं व्याघ्रप्रकल्प म्हणून मान्यता मिळाल्यापासून शहरांतील मंडळींची त्या वाटेनें ये-जा वाढली आहे. आम्ही मात्र तेथें वाघ पाहावयास नव्हे, तर एका स्नेह्याच्या घरच्या लग्नास गेलों होतों. वरातीपुढें गाडीवर रचलेल्या डीजेच्या भिंतीनें सबंध रस्ता हादरवून सोडला. ती धामधूम निवाल्यावर रात्रीं आम्ही ओसरीवर बसलों असतां घरांतील एका कॉलेजांत जाणाऱ्या मुलानें मोबाइलवर आम्हांस कांहीं ध्वनिमुद्रणें ऐकविलीं. त्यांत व्हायोलिन होतें, यंत्राचा ठेका होता, आणि त्या ठेक्यावर भरभर म्हटलेले शब्द होते. या मुलाला आजोबांनीं कापसाच्या पैशांतून व्हायोलिन घेऊन दिलेलें आहे आणि तो दोन वर्षें वर्ध्याला शिकावयास जात आहे. आजोबा कोपऱ्यांत खाटेवर पडून सर्व ऐकत होते. त्यांची उमर गांवच्या भजनी मंडळांत गेलेली. थोड्या वेळानें त्यांनीं विचारलें, "काय रे बापू, हा फिडलवाला काय म्हणून राह्यला?" मुलगा हंसून म्हणाला, "आबाजी, तो काही म्हणत नाही. तो नुसता बीटसोबत आहे." यावर आजोबा म्हणाले, "मंग कायले वाजवून राह्यला?" आणि कुशीवर वळले.

हा एवढासा संवाद. पण आजोबांचे ते दोन प्रश्न कांहीं केल्या आमच्या मनांतून जाईनात. अभिजात व्हायोलिन, अमेरिकेंतून आलेलें हिप-हॉप आणि विजेच्या यंत्रांवर रचलेलें संगीत यांचा मिलाफ करण्याची हौस आज सर्वत्र दिसते, आणि तिच्याविषयीं वादहि पुष्कळ होतो. एक पक्ष म्हणतो, हा संगीताला विटाळ आहे; दुसरा म्हणतो, कलेला सोंवळेंओंवळें नसतें, कानांस गोड लागेल तें चांगलें. पहिल्या पक्षानें बहुधा हें संगीत ऐकलेलें नसतें, आणि दुसऱ्यानें त्याचा विचार केलेला नसतो. आजोबांनीं आधीं ऐकलें आणि मग विचारलें. त्यांचीच कसोटी हातीं घेऊन आम्ही या विषयाचा परामर्श घेऊं इच्छितों.

आरंभीं सोंवळ्या पक्षाला एका गोष्टीचें स्मरण करून देणें अवश्य आहे. ज्या व्हायोलिनच्या शुचितेसाठीं तो इतका कळवळतो, तें वाद्य मुळांत युरोपांतून आलेलें आहे. मुथुस्वामी दीक्षितरांचे बंधु बालुस्वामी दीक्षितर (१७८६–१८५८) यांनीं मद्रासजवळील मणली येथें एका युरोपियन वादकापाशीं तें शिकून कर्नाटक संगीतांत आणलें, आणि तंजावरच्या वडिवेलूंनीं त्याच सुमारास तें त्रावणकोरच्या दरबारांत रुजविलें. पण आणलें म्हणजे जसेंच्या तसें ठेवलें असें नव्हे. उभ्यानें हनुवटीखालीं धरण्याचें वाद्य मांडी घालून बसलेल्या वादकाच्या छातीशीं आणि उजव्या पावलावर टेकलें. सर्व तारा पंचमाच्या अंतरानें लावण्याची मूळ रीति सोडून त्या षड्ज-पंचमांत मिळविल्या गेल्या. स्वरावरून स्वरावर टप्प्याटप्प्यानें उडी मारणारीं बोटें तारेवरून घसरावयास शिकलीं. पाहुण्यानें घरची भाषा शिकली, आणि मग घरच्यांनीं त्याला पंक्तीस घेतलें.

याच्या उलट हार्मोनियमची कथा पाहावी. त्याच्या पट्ट्यांतून मींड निघत नाहीं, या मुख्य आक्षेपावरून आकाशवाणीनें १९४० सालीं त्याला बंदी केली आणि ती पुढें तीसएक वर्षें टिकली. बंदी अन्यायाची होती असें आज बहुतेक जण म्हणतील, व आम्हीहि म्हणतों. पण आक्षेपाच्या मुळाशीं असलेली जाणीव खोटी नव्हती. आपल्याकडे वाद्याची परीक्षा कंठाच्या तुलनेनें होते. जें वाद्य कंठाच्या जितकें जवळ जाईल, तितकें तें आपलें.

महाराष्ट्रांत तर व्हायोलिनला ही परीक्षा अधिकच कसोशीनें द्यावी लागली. गजाननबुवा जोशी (१९११–१९८७) हे व्हायोलिनवादक होतेच, पण त्याहूनहि मोठे गवई होते. ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर या घराण्यांची गायकी त्यांच्या गळ्यांत होती, आणि गळ्यांत होतें तेंच गजावर उतरे. वि. गो. जोगांनीं (१९२२–२००४) या वाद्याला मैफिलींत स्वतंत्र आसन मिळवून दिलें. बिस्मिल्ला खाँसाहेबांच्या सनईबरोबरच्या त्यांच्या जुगलबंद्या रसिकांच्या स्मरणांत आहेत. दा. के. दातारांच्या (१९३२–२०१८) गजांतून तर ख्याल गायिल्यासारखा वाटे. परंतु सामान्य मराठी घराला व्हायोलिन म्हणजे काय हें कळलें तें मुख्यतः प्रभाकर जोगांमुळें. १९५५ सालीं पुणें आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालें, तेव्हां सुधीर फडक्यांच्या साथीस त्यांचें व्हायोलिन होतें. पुढें त्यांनीं भावगीतें एकट्या व्हायोलिनवर वाजविण्याचा उपक्रम केला व त्याला ‘गाणारं व्हायोलिन’ असें नांव दिलें. हें नांव अगदीं सार्थ आहे. तीं मुद्रणें ऐकतांना शब्द नसून शब्द ऐकूं येतात. आघात कोणत्या अक्षरावर, ओढ कोणत्या स्वरावर, श्वास कोठें घेतला, हें सर्व गज सांगतो. गीत ज्याला पाठ नाहीं त्यालाहि कोणी तरी कांहीं तरी सांगत आहे असें वाटल्यावांचून राहत नाहीं.

तेव्हां "फिडलवाला काय म्हणून राह्यला?" हा प्रश्न अडाण्याचा नव्हे. दोनशें वर्षें आपण या वाद्याला जें शिकविलें, त्याचें सार त्या प्रश्नांत आहे.

आतां दुसऱ्या बाजूकडे वळूं. हिप-हॉप म्हणजे नुसता गोंगाट अशी समजूत असणारांनीं त्याचा जन्म कसा झाला तें पाहावें. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागांत, सेज्विक अव्हेन्यूवरील एका इमारतींत, ११ ऑगस्ट १९७३ रोजीं झालेल्या समारंभापासून तें धरण्याचा प्रघात आहे. तेथें डीजे कूल हर्क या तरुणानें तबकड्या वाजविल्या. गाण्यांतील जो भाग केवळ तालाचा, त्याच भागावर लोक अधिक रंगून नाचतात हें त्याच्या लक्षांत आलें. मग एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर लावून तो तेवढाच तुकडा पुनःपुन्हा वाजवूं लागला. त्या फिरत्या तुकड्यावर कोणी शब्द म्हणावयास लागले, आणि त्यांतून रॅप फुललें. हें गरिबांच्या वस्तींतील संगीत. वाद्यवृंद बाळगण्याची ऐपत नसलेल्यांनीं जुन्या तबकड्यांतून आपला वाद्यवृंद निर्माण केला. पुढें १९८० सालीं रोलँड कंपनीचें टीआर-८०८ हें ठेका देणारें यंत्र निघालें आणि अशा यंत्रांनीं या संगीताला त्याचा घुमणारा, पोटांत जाणारा नाद दिला. हिंगणीच्या रस्त्यावर त्या रात्रीं जी भिंत हादरत होती, तिच्या पूर्वजांपैकीं एक हें यंत्र होय.

या संगीताचीं दोन अंगें लक्षांत ठेवण्याजोगीं आहेत: एक, फिरून फिरून येणारा तुकडा, दुसरें, त्या तुकड्यावर लयींत बोललेला शब्द. आणि नवल असें कीं, यांतील एकहि आपणांस परकें नाहीं.

तबल्याचें स्वतंत्र वादन ऐकलेल्यास लेहरा माहीत असतो. सारंगी किंवा पेटी एक लहानशी सुरावट सतत फिरवीत राहते. तिच्यांत वाढ नाहीं, उपज नाहीं. तिचें काम एवढेंच कीं, सम कोठें आहे हें सर्वांना दाखवीत राहावें. त्या स्थिर वर्तुळावर तबलजी कायदे, रेले, गती मांडतो आणि मध्येंच हात थांबवून बोल तोंडानें म्हणून दाखवितो. कथकांतील पढंतहि अशीच. फिरता तुकडा आणि त्यावर लयबद्ध उच्चार: सांगाडा तोच. अर्थात् एवढ्यावरून हिप-हॉप आपल्याकडूनच गेलें अशी बढाई मारणें हास्यास्पद होईल. माणसाला लय आणि वाणी हीं सर्वत्र मिळालेलीं आहेत, तेव्हां दोन ठिकाणीं एक सांगाडा निघाला यांत आश्चर्य नाहीं.

दुसरें उदाहरण आणखी जवळचें आहे. विदर्भांत आणि शेजारच्या आदिलाबाद भागांत गोंडांचे भाट जे परधान, ते किंगरी नांवाचें तीन तारांचें, गजानें वाजवावयाचें वाद्य बाळगतात. यजमानाच्या घरीं जाऊन त्या वाद्याच्या साथीवर कुळाची, देवांची आणि पूर्वजांची कथा सांगणें हा त्यांचा पिढीजात धर्म. येथें गज आहे आणि शब्दहि आहे, आणि गज शब्दाचा सांगाती आहे. कथा सांगणारा श्वास घेतो तेव्हां किंगरी बोलते. कथा चढते तेव्हां गज चढतो. आपल्या पोवाड्यांतहि शाहिराच्या भरधांव पदाला डफ, तुणतुणें आणि मागून झील धरणारे साथीदार असतात. झीलकरी नसतील तर शाहिराला दम कोठें घ्यावा हेंच कळावयाचें नाहीं.

यावरून आमच्या मतें या मिलाफांत गजाला तीन जागा संभवतात. पहिली लेहऱ्याची: एकच सुरावट फिरवीत राहून वर्तुळ धरून ठेवणें. ही सेवकाची जागा आहे, पण तिच्यांत कमीपणा नाहीं; चांगला लेहरा धरणें सोपें नव्हे हें कोणताहि तबलजी सांगेल. दुसरी किंगरीची: शब्दाबरोबर बोलणें, त्याला पुसणें, त्याला उत्तर देणें. ही सांगात्याची जागा. तिसरी जागा गुलाबपाण्याची. लग्नमंडपांत शिरतांना अंगावर जसें गुलाबपाणी शिंपडतात, तसे व्हायोलिनचे चार सूर ठेक्यावर शिंपडावयाचे, कीं ऐकणारास वाटावें, यांत कांहीं तरी अभिजात आहे. या तिसऱ्या जागेवर बसलेलें व्हायोलिन वर्तुळ धरीत नाहीं आणि बोलतहि नाहीं. तें केवळ प्रतिष्ठा पुरवितें. आजच्या मिलाफांपैकीं पुष्कळसे, कटु वाटलें तरी सांगणें भाग आहे, या तिसऱ्या जातीचे आहेत. आणि त्या रात्रीं आजोबांनीं जें मुद्रण ऐकून कूस बदलली, तेंहि याच जातीचें होतें.

कसोटी सांगितली, आतां तिच्यावर कांहीं प्रसिद्ध उदाहरणें घांसून पाहूं.

अमेरिकेंतील फ्लॉरिडा संस्थानांत फोर्ट लॉडरडेल येथें हायस्कुलाच्या वाद्यवृंदांत एकत्र आलेल्या दोन कृष्णवर्णी तरुणांनीं, केव्ह मार्कस आणि विल बॅप्टिस्ट यांनीं, ‘ब्लॅक व्हायोलिन’ नांवाची जोडी काढली. पहिला व्हायोलिन वाजवितो, दुसरा व्हायोला. हें नांव त्यांनीं स्टफ स्मिथ या जॅझ-व्हायोलिनवादकाच्या एका तबकडीवरून घेतलें. त्यांची २०१५ सालची मुद्रिका ‘स्टीरिओटाइप्स’ म्हणजे ठराविक समजुती या नांवाची आहे, आणि त्यांच्या साऱ्या खटाटोपाचा हेतु त्या नांवांत आला. कृष्णवर्णी धिप्पाड तरुणाच्या हातीं व्हायोलिनची पेटी पाहून लोक बिचकतात, तें बिचकणें त्यांना मोडावयाचें आहे. बाखच्या ब्रँडेनबर्ग कन्चर्टोसारखी रचना हिप-हॉपच्या ठेक्यावर घेतांना ते बाखला सजावट म्हणून वापरीत नाहींत. त्या संगीतांत मुळांतच एक अखंड धांवती लय आहे. तिच्याखालीं जड ठेका ठेवला असतां ती लय उघडी पडते. शिवाय दोघेहि त्या विद्येंत रीतसर तयार झालेले आहेत, म्हणून त्यांचा गज ठेक्याला भीत नाहीं. पण आम्हांस एक उणें जाणवतें: ठेका सुरू झाला कीं तो क्वचितच त्यांच्यासाठीं थांबतो. व्हायोलिन चपळ होतें, झुंजार होतें, परंतु एकांतांत बोलावयास त्याला फारशी फुरसत मिळत नाहीं. तें उत्तम लेहरा होतें. केव्हां केव्हां सांगाती होतें.

दुसरें उदाहरण आपल्या मुंबईंतील आहे, आणि व्हायोलिनचें नसलें तरी प्रस्तुत विषयाला तें सोडून चालणार नाहीं. सिनेमाच्या वाद्यवृंदांत वाजविणारे चरणजितसिंग यांनीं १९८२ सालीं दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर घेऊन एक तबकडी काढली. ठेका टीआर-८०८ चा, आणि खालची सुरावट टीबी-३०३ या रोलँडच्याच लहानशा यंत्राची. त्या काळीं तिकडे कोणी फारसें लक्ष दिलें नाहीं. पुढें शिकागोंत ‘ॲसिड हाउस’ नांवाचें संगीत १९८७ च्या सुमारास गाजलें, तें याच यंत्राच्या नादावर. आणि २०१० सालीं ती जुनी तबकडी पुन्हा निघाली तेव्हां परदेशांतील जाणते चकित झाले कीं, हा नाद मुंबईंत पांच वर्षें आधींच उमटला होता. आम्हांस त्या योगायोगाहून दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. टीबी-३०३ यंत्रांत एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरण्याची सोय आहे. रागाला मींड हवी, आणि यंत्रांत मींडेची छाया होती, म्हणून तेथें राग कांहीं अंशीं वावरूं शकला. पण छाया ती छायाच. त्या यंत्राची घसरण प्रत्येक वेळीं सारख्याच कालांत होते. भैरवांतील ऋषभावर गवई आंदोलन घेतो तेव्हां पहिलें आणि दुसरें यांत जो केसाएवढा फरक असतो, त्यांत भैरवाचा जीव आहे. आणि यंत्राला फरक करण्याचें कारणच नसतें. ती तबकडी ऐकून कौतुक पुष्कळ वाटतें, पहांट मात्र होत नाहीं.

तिसरें उदाहरण मराठी आईबापांच्या परदेशांतील मुलाचें आहे. कर्ष काळे यांचा जन्म इंग्लंडांतील वेस्ट ब्रॉमविच येथें झाला आणि ते वाढले न्यूयॉर्कच्या बाजूस. त्यांनीं तबला आणि पाश्चात्य ड्रम हीं दोन्ही हातीं धरलीं, आणि विजेच्या संगीतांत तबल्याला स्थान दिलें. ‘रिअलाइझ’ ही त्यांची मुद्रिका २००१ सालची. झाकीर हुसेन आणि बिल लॅस्वेल यांच्या ‘तबला बीट सायन्स’ या मेळ्यांतहि ते होते. या मेळ्याची सॅन फ्रान्सिस्को येथील मैफिल २००२ सालीं मुद्रिकेच्या रूपानें निघाली. तींत सुलतान खाँसाहेबांची सारंगी आहे, झाकीरभाईंचा तबला आहे, काळ्यांचे ड्रम आहेत, विजेचीं वाद्यें आहेत, आणि तबकडी बोटांनीं घांसून ताल काढणारा हिप-हॉपचा कारागीरहि आहे. म्हणजे गज, यंत्र आणि हिप-हॉप तिन्ही एका बैठकींत आलीं. या मैफिलींत सारंगीला दम घ्यावयास जागा आहे. खाँसाहेब सूर लावतात तेव्हां भोंवतालचीं यंत्रें तानपुऱ्यासारखीं मागें सरतात, आणि ठेका येतो तो सारंगीचें म्हणणें ऐकून घेऊन येतो. हें कशामुळें साधलें? आमच्या मतें याचें श्रेय ठेका धरणाऱ्यांना आहे. झाकीर हुसेन काय किंवा कर्ष काळे काय, दोघांच्याहि हातांत लय आधीं आली आणि यंत्र मागाहून. गवयाच्या साथीस बसलेला तबलजी समेची वाट कशी पाहतो हें ज्यानें अनुभविलें, तो यंत्रालाहि वाट पाहावयास लावतो.

येथेंच या विषयाचें मर्म आम्हांस सांपडतें. यंत्राचा दोष असा कीं तें चुकत नाहीं, म्हणून तें कोणासाठीं थांबतहि नाहीं. गज मात्र थांबण्यावर जगतो. मींड म्हणजे दोन स्वरांमधील वाट सावकाश चालणें. मागून कोणी ढकलीत असेल तर ती वाट चालतां येत नाहीं. आतां रॅप म्हणणारा याच न चुकणाऱ्या ठेक्यावर काय करतो तें पाहावें. तो कधीं ठेक्याच्या किंचित् मागें राहतो, कधीं पुढें धांवतो, वाक्य मात्रेच्या पलीकडे नेऊन टाकतो, आणि अचूक ठिकाणीं परत येतो. ठेका ताठ असल्यामुळेंच त्याचें वांकणें दिसून येतें. म्हणजे हिप-हॉपमधील खरा कलावंत यंत्राशीं कसें वागावें हें जाणतो; शिकावयाचें आहे तें व्हायोलिनवाल्यानें. त्यानें ठेक्याला चिकटून बसण्याऐवजीं या वाणीचें अनुकरण करावें. आपल्या वाद्यानें दोन शतकें कंठाचें अनुकरण केलें. आतां बोलण्याचें करावें.

आणि बोलणें तर आपल्याकडे उदंड आहे. मुंबईच्या ‘स्वदेशी’ या मंडळींनीं २०१९ सालीं ‘द वारली रिव्होल्ट’ हें गाणें आरे जंगलांतील आदिवासींच्या हक्कांविषयीं केलें, आणि त्यांत तेथलेच कार्यकर्ते व गायक प्रकाश भोईर यांना बरोबर घेतलें. याच मंडळींतील सौरभ अभ्यंकर हा तरुण अमरावतीचा. आपलें नांव तो ‘१००आरबीएच’ असें लिहितो. शंभर म्हणजे सौ, म्हणून सौरभ. त्याच्या तोंडीं वऱ्हाडी बोली आहे, आणि जातीच्या अन्यायाविषयीं, शेतकऱ्याच्या हालाविषयीं तो त्या बोलींत जें बोलतो तें ऐकून कोणालाहि "हा काय म्हणून राह्यला?" असें विचारावें लागत नाहीं. दुसऱ्या टोंकाला २०२४ सालचें क्रेटेक्स आणि श्रेयस यांचें ‘तांबडी चामडी’ हें निव्वळ नाचाचें मराठी गाणें. तें हॉलंडांतील एका मोठ्या कंपनीनें काढलें आणि भाषा न समजणारेहि त्यावर नाचले. त्यांत गंभीर असें कांहीं नाहीं, आणि तसा त्याचा दावाहि नाहीं. पण मराठी अक्षरांचे आघात यंत्राच्या ठेक्यावर किती खुशाल बसतात, एवढें त्यानें दाखवून दिलें.

तेव्हां एका बाजूस बोलणारी बोली तयार आहे, दुसऱ्या बाजूस गाणारें व्हायोलिन तयार आहे. दोहोंची खरी भेट मात्र अजून व्हावयाची आहे. व्हायोलिनवाला बोलीकडे पाहत नाहीं, कारण त्याला ती गांवढळ वाटते. रॅपवाला व्हायोलिनकडे पाहतो तो गुलाबपाण्यापुरता. आमची सूचना साधी आहे. दोघांनीं प्रथम यंत्रावांचून एकत्र बसावें. रॅपवाल्यानें आपलें एक वाक्य म्हणावें आणि व्हायोलिनवाल्यानें तेंच वाक्य, त्याच्या चढउतारासह, गजावर काढून दाखवावें. जसें जोगांनीं भावगीताचें केलें. वऱ्हाडी बोलींत "राह्यला", "गेल्ता", "कायले" अशा शब्दांना जी हेंगाडी पण गोड ओढ आहे, ती मींडेसाठींच जणूं निर्माण झाली आहे. पुण्यामुंबईच्या तुटक मराठीपेक्षां ती गजाला अधिक मानवेल. मग वाक्याच्या शेवटीं व्हायोलिननें झीलकऱ्याप्रमाणें उत्तर द्यावें. आणि हें साधल्यावर यंत्राला बोलवावें; पण पाहुण्याला सांगावें कीं, बाबा, आमचें बोलणें चाललें असतां मधून मधून गप्प बस. ठेका मधून मधून काढून घेणें यंत्राला मुळींच अवघड नाहीं. अवघड जातें तें वापरणाराच्या धीराला, कारण शांततेंत श्रोता उठून जाईल अशी त्याला भीति वाटते.

या सर्व चर्चेंत एका मुलाचें भवितव्य गुंतलेलें आहे, म्हणून आम्हीं ती इतकी लांबविली. त्या रात्रीं आजोबा झोंपल्यावर त्या मुलानें आम्हांला हळूच सांगितलें कीं, वर्ध्याचा क्लास आतां सोडावा असें त्याच्या मनांत आहे. त्याला असें संगीत करावयाचें आहे, आणि त्यासाठीं लागणारे व्हायोलिनचे सूर संगणकावर तयार मिळतात. कळ दाबली कीं शंभर व्हायोलिनें एकदम वाजतात, आणि तीं कधीं बेसूर होत नाहींत. मग रोज दोन तास गज घांसून बोटें कशाला सोलावयाचीं? आम्हांस त्याचें म्हणणें एका अर्थी बिनतोड वाटलें. व्हायोलिन जर गुलाबपाणीच व्हावयाचें असेल, तर तें बाटलींतलें काय आणि घरीं काढलेलें काय, सारखेंच. उलट बाटलींतलें स्वस्त. तयार सुरांच्या पेटींत सा, रे, ग, म सर्व असतात. मात्र हिंगणीच्या आजोबांनीं "मंग कायले" म्हणतांना शेवटच्या अक्षरावर जी किंचित् थकलेली ओढ दिली, ती त्या पेटींत नसते. ती काढावयाची तर आधीं ऐकावी लागते, मग शोधावी लागते, आणि सांपडली तरी उद्यां पुन्हा शोधावी लागते. दोन तासांचा रियाज म्हणतात तो याच शोधाला.

आम्हीं त्याला उपदेश केला नाहीं. परक्या घरच्या लग्नांत तें शोभलेंहि नसतें. एवढेंच सुचविलें कीं, क्लास सोडण्यापूर्वीं एक प्रयोग करून पाहा. आजोबांचें एखादें बोलणें मोबाइलवर मुद्रित कर आणि तें जसेंच्या तसें व्हायोलिनवर काढून त्यांनाच ऐकव. खालीं पाहिजे तर तुझा ठेका ठेव, पण हळू. त्यांनीं ओळखलें तर तुला संगणकाहून अधिक कांहीं येतें असें समज. न ओळखलें तर क्लास आणखी दोन वर्षें सोडूं नकोस. मुलगा हंसला. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही निघालों तेव्हां आजोबा अंगणांत ऊन खात बसले होते, आणि आंतल्या खोलींत कोणी तरी एकच सुरावट पुनःपुन्हा, अडखळत काढीत होतें. ती सुरावट कशाची होती हें आम्हांस ओळखतां आलें नाहीं. आजोबा मात्र मान वळवून आंत कान देत होते.